विचित्र चित्रे आणि इंग्रजीची तासिका

ऐरोलीची शिक्षिका

नमस्कार. मी ऐरोलीतील एका मराठी माध्यमाच्या शाळेत सातवी आणि आठवीला इंग्रजी शिकवते. आपल्या राज्यात 2000 सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी सुरू झाले असल्यामुळे ही मुले माझ्याकडे येतात तेव्हा त्यांच्यामागे सहा-सात वर्षांचे इंग्रजी असते. धडा ती वाचतात, प्रश्नोत्तरे गाइडवरून सुबक अक्षरात उतरवून काढतात. परंतु पुस्तकात नसलेले एखादे वाक्य स्वतःहून बोलायला सांगितले की सगळा वर्ग छताकडे पाहू लागतो. म्हणून गेले काही आठवडे मी तासिकेच्या शेवटी एखादे विचित्र चित्र दाखवून त्यावर खेळ घेत आहे. छत्री घेऊन फुटपाथवरून चालणारा मासा किंवा न्हाव्याच्या खुर्चीत ऐटीत बसलेली बकरी, अशा प्रकारची ही चित्रे असतात.

चित्र पाहताच वर्गात हशा पिकतो आणि पाच मिनिटे मराठीतून भरपूर चर्चा होते. त्यानंतर पुढच्या बाकांवरची ठरावीक तीन-चार मुले इंग्रजीत एकेक वाक्य बोलतात आणि बाकीचे टाळ्या वाजवतात. वर्गाचा पट साठच्या आसपास, तासिका पस्तीस मिनिटांची, आणि शाळेत प्रोजेक्टर एकच, तोही संगणक कक्षात भिंतीला जखडलेला. चित्र कसे निवडावे आणि खेळाची मांडणी कशी करावी म्हणजे मागच्या बाकावरच्या मुलालाही इंग्रजीत बोलणे भाग पडेल, हे अनुभवी मंडळींनी सांगावे. आमच्या शिक्षककक्षात एका ज्येष्ठ सहकाऱ्यांचे म्हणणे असे आहे की हा सारा वेळेचा अपव्यय असून त्याऐवजी व्याकरणाचे स्वाध्याय घ्यावेत. त्यांना काय उत्तर द्यावे, हेही सुचवल्यास बरे होईल.

कोपरीकर

मॅडम, मी ठाण्यात बरीच वर्षे इंग्रजी शिकवून निवृत्त झालो आहे. आपली चित्रे उत्तम आहेत. अडचण एवढीच आहे की आपण ती सगळ्यांना दाखवता. जे चित्र सर्वांसमोर आहे त्याचे वर्णन कोणी कोणाला का करावे? बोलण्याची गरज तेव्हाच निर्माण होते, जेव्हा एकाला दिसते आणि दुसऱ्याला दिसत नाही. म्हणून चित्र जोडीतल्या एकाच्याच हाती द्यावे, मधे दप्तर उभे करावे, पाहणाऱ्याने इंग्रजीत सांगावे आणि ऐकणाऱ्याने वहीच्या मागच्या पानावर काढावे. पाठीला पाठ लावून बसवू नये, कारण तसे केले की मुले ओरडून बोलतात आणि शेजारच्या वर्गातून निरोप येतो. तीस जोड्यांसाठी एका चित्राच्या तीस झेरॉक्स पुरतात, प्रोजेक्टर लागतच नाही.

येथे चित्र विचित्र का असावे, याचे कारण करमणूक हे नाही. चित्र बाजाराचे असेल तर ऐकणारा मुलगा ‘मार्केट’ एवढा एकच शब्द ऐकतो आणि बाकीचे दुकान, भाजीवाली, गाय आपल्या मनानेच काढतो. त्याला ऐकण्याची गरजच उरत नाही. विचित्र चित्रात असा अंदाज हमखास चुकतो. बेल्जियन चित्रकार रने माग्रित यांचे 1938 सालचे एक चित्र शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये आहे. त्यात एका रिकाम्या खोलीतल्या शेकोटीच्या कोनाड्यातून काळे वाफेचे इंजिन बाहेर येताना दिसते, वर फळीवर घड्याळ आणि दोन मेणबत्तीदाने आहेत, मागे मोठा आरसा आहे, आणि इंजिनाच्या खाली रूळ मुळीच नाहीत, ते हवेतच आहे. आपल्या मुलांना शेकोटीचा कोनाडा ठाऊक नसतो म्हणून मी याच कल्पनेवर भिंतीतल्या कपाटातून बाहेर येणारी लोकल काढून दिली होती. ‘ट्रेन’ ऐकताच जवळजवळ प्रत्येक मुलगा प्रथम रूळ काढतो. मग सांगणाऱ्याला अस्वस्थ होऊन ‘नो, नो, देअर आर नो रेल्स, इट इज इन द एअर’ असे म्हणावेच लागते. धड्याखालच्या स्वाध्यायात हे वाक्य त्याने दहा वेळा लिहिले असते तरी इतक्या तळमळीने लिहिले नसते.

एक नियम मात्र पाळावा. ऐकणाऱ्याने गप्प बसायचे नाही, त्याने प्रश्न विचारायचे: ‘इज इट बिग?’, ‘व्हेअर इज द क्लॉक?’. नाहीतर बोलका मुलगा बोलत राहतो आणि अबोल मुलगा फक्त चित्रकला करतो. अर्ध्या वेळेनंतर दुसरे चित्र देऊन भूमिका बदलाव्यात, म्हणजे मागच्या बाकावरचाही सुटत नाही.

नेरुळकर

कोपरीकर सरांच्या जोडीच्या मांडणीशी मी सहमत आहे; परंतु चित्र जितके विचित्र तितके चांगले, असा अर्थ कोणी काढू नये, म्हणून लिहिते. मी नेरुळला पाचवी ते सातवीच्या वर्गांना शिकवते. माझा अनुभव असा आहे की ज्या चित्रात सगळेच अतर्क्य असते त्यावर मुलांचे बोलणे ‘इट इज स्ट्रेंज’ या वाक्यापाशी येऊन थांबते, कारण पुढे बोलायला लागणारे शब्द त्यांच्याजवळ नसतात. वस्तू सगळ्या ओळखीच्या असाव्यात आणि त्यांच्यातले एकच नाते विस्कटलेले असावे. आपली न्हाव्याच्या खुर्चीतली बकरी या कसोटीला उतरते. वितळणारी घड्याळे, हाताला फुटलेले डोळे वगैरे प्रकार मोठ्या वर्गांना ठीक. माझ्या वर्गात तर लहान मुले अशा चित्रांना घाबरलीही आहेत.

दुसरे म्हणजे, खेळाआधी फळ्यावर वाक्यांची सुरुवात लिहून द्यावी आणि ती खेळ संपेपर्यंत पुसू नये. आठवीला अनुमानाची वाक्ये शिकवायची असतील तर ‘ही मस्ट बी’, ‘शी माइट बी’, ‘इट कान्ट बी’ या तीन सुरुवाती पुरेशा आहेत. जुन्या लिफाफ्याला रुपयाच्या नाण्याएवढे भोक पाडून त्यात चित्र घालावे आणि लिफाफा बाकाबाकांवरून फिरवावा. प्रत्येक गटाने भोकातून दिसणाऱ्या तुकड्यावरून एक वाक्य लिहायचे आणि ‘बिकॉज’ लावून कारण द्यायचे. मग चित्र थोडे सरकवून पुन्हा फिरवायचे. ‘ही मस्ट बी अ मॅन, बिकॉज ही हॅज अ बिअर्ड’ असे ठामपणे लिहिणाऱ्या गटाला पुढच्या फेरीत दाढीखाली चार खूर दिसतात आणि ‘कान्ट बी’ची गरज आपोआप निर्माण होते. व्याकरणाचे स्वाध्याय हवे असलेल्या सहकाऱ्यांना ही तासिका अवश्य दाखवावी.

चालू वर्तमानकाळासाठी मला सर्वांत उपयोगी पडलेले चित्र मात्र एका अर्थाने अगदी साधे आहे. पीटर ब्रूगेल या चित्रकाराने 1560 साली काढलेले हे चित्र व्हिएन्नाच्या कुन्स्टहिस्टोरिशेस म्युझियममध्ये आहे. त्यात एका गावातील चौकात दोनशेहून अधिक मुले ऐंशीच्या आसपास निरनिराळे खेळ खेळत आहेत: कोणी चाक पळवते आहे, कोणी काठ्यांच्या उंच पायांवर चालते आहे, कोणी वाकलेल्या गड्यावरून उडी मारते आहे. विचित्र एवढेच की या मुलांचे चेहरे पोक्त माणसांसारखे आहेत. सुरुवातीला ‘आर दे चिल्ड्रन ऑर अंकल्स?’ यावरच वाद होतो आणि तो मी मुद्दाम होऊ देते. मग एका मुलीला आंधळी कोशिंबीर सापडते आणि वर्ग आपले खेळ शोधू लागतो. नियम एवढाच की बोट दाखवायचे नाही. ‘अ बॉय इज स्टँडिंग ऑन हिज हँड्स, फाइंड हिम’ असे सांगायचे आणि इतरांनी शोधायचे. झेरॉक्समध्ये बारीक आकृत्या काळवंडतात, म्हणून चित्राचे चार तुकडे मोठे करून घ्यावेत.

रंगखडू

मी कळव्याच्या एका शाळेत चित्रकला शिकवतो, त्यामुळे इंग्रजीबद्दल न बोललेलेच बरे; चित्रांबद्दल बोलतो. इंटरनेटवर चित्रे शोधण्यात संध्याकाळ घालवण्यापेक्षा ती मुलांकडूनच काढून घ्यावीत. जुसेप्पे आर्चिम्बोल्दो या इटालियन चित्रकाराने 1591च्या सुमारास सम्राट दुसरा रुडॉल्फ याचे व्यक्तिचित्र केवळ फळे, भाज्या आणि फुलांतून रचले; त्यात नाकाच्या जागी पेअर आहे आणि गालांच्या जागी फळे. ते चित्र एकदा दाखवून मुलांना वाशीच्या घाऊक बाजारात मिळेल तेवढाच माल वापरून एक माणूस काढायला सांगा. माझ्या वर्गात एकाने दुधीचे नाक, भेंडीच्या भुवया, लाल मिरचीचे ओठ आणि कोथिंबिरीच्या जुडीची दाढी असलेला एक करारी गृहस्थ काढला होता. हेच कागद दुसऱ्या दिवशी कोपरीकर सरांच्या पद्धतीने दप्तराआडून खेळता येतील. भाज्यांची इंग्रजी नावे त्या निमित्ताने पाठ होतील ती वेगळीच.

संगणकाला सांगून काढून घेतलेली चित्रे हल्ली सर्रास वापरली जातात. वाशी स्थानकावर तिकिटाच्या रांगेत उभा असलेला फ्लेमिंगो आपल्याला हवा असेल तर तो मिनिटभरात मिळतो, हे खरे आहे. मात्र ती चित्रे वर्गात नेण्याआधी बारकाईने पाहावीत. हाताला सहा बोटे, पाटीवर निरर्थक अक्षरे असा आपण न मागितलेला विचित्रपणा त्यांत शिरतो आणि मुले नेमकी तीच चूक पकडून बसतात. अर्थात ‘काय चुकले आहे ते शोधा’ हाच खेळ घ्यायचा असेल तर ती चूक कामाची आहे.

हक्कांबद्दल थोडेसे. ब्रूगेल आणि आर्चिम्बोल्दो यांच्या चित्रांवर आज कोणाचा कॉपीराइट नाही. माग्रित 1967 साली निवर्तले आणि आपल्याकडे निधनानंतर 60 वर्षे हक्क राहतो. असे असले तरी 1957च्या कॉपीराइट कायद्यातील कलम 52 प्रमाणे शिक्षकाने अध्यापनाच्या ओघात केलेली प्रत हे उल्लंघन ठरत नाही. वर्गात झेरॉक्स वाटायला हरकत नाही; तेच चित्र शाळेच्या विक्रीच्या स्मरणिकेत छापणे ही वेगळी बाब आहे.

ऐरोलीची शिक्षिका

आपणा तिघांचेही मनःपूर्वक आभार. दप्तराची भिंत आणि भाजीवाला माणूस या दोन्ही गोष्टी याच आठवड्यात घेऊन पाहीन. एक शंका उरते. साठ मुले एकाच वेळी बोलत असताना कोण इंग्रजीत बोलले आणि कोणी मराठीत भागवले, हे मला कसे कळणार? आणि याची नोंद कोठे करावी, म्हणजे सहकाऱ्यांनाही हा उपक्रम अभ्यासाचाच वाटेल?

कोपरीकर

सगळ्यांवर एकदम लक्ष ठेवता येणार नाही आणि ते ठेवूही नये. एका तासिकेत सहा-सात जोड्या ठरवून त्यांच्याच बाकापाशी उभे राहावे. पुढच्या वेळी पुढच्या जोड्या. या जोड्या कोणत्या, हे मुलांना आधी सांगू नये. वर्गात मराठी शब्द आला तर त्याला दंड लावू नये, नाहीतर मुले मराठी सोडून देण्याऐवजी बोलणेच सोडून देतात. अडलेला शब्द कागदाच्या कोपऱ्यात मराठीत लिहून ठेवायला सांगावे आणि शेवटच्या पाच मिनिटांत तेवढेच शब्द फळ्यावर घ्यावेत.

नोंदीचे म्हणाल तर आठवीपर्यंतच्या आकारिक, म्हणजे वर्षभर चालणाऱ्या, मूल्यमापनात तोंडीकाम हे साधन 2010च्या शासननिर्णयापासूनच आहे. अनेक ठिकाणी त्याखाली कविता पाठ म्हणून घेतात आणि गुण देतात; आपण तेथे या खेळाची तारीख, वाक्यरचना आणि निरीक्षण लिहावे. ज्येष्ठ सहकाऱ्यांशी वाद घालण्यापेक्षा त्यांना नोंदवही दाखवणे सोपे जाईल.

रंगखडू

मॅडम, भाजीवाला माणूस काढायला ए-फोरचा अर्धा कागद आणि पेन्सिल एवढेच द्या. स्केचपेन बाहेर निघाले की पोरे टोमॅटो रंगवत बसतात आणि पस्तीस मिनिटांत दाढीपर्यंतसुद्धा कोणी पोहोचत नाही.