बटाट्याचं ऑपरेशन करायचं का?

(सोसायटीचा ग्रुप, पोखरण रोड नंबर २, ठाणे. मार्चमधला रविवार.)

मृणाल, बी-७०३: नमस्कार. आमचा बटाटा (पग, ८ महिने) बहुतेकांच्या ओळखीचा आहे. काल संध्याकाळी उपवनला नेला होता. तलावाची अर्धी फेरीही झाली नाही आणि हा एकदम आडवा. जीभ जांभळट. बाकावरच्या एका आजोबांनी बाटलीतलं पाणी पोटावर, पंजांवर ओतलं, पेपरने वारा घातला, तेव्हा पाचेक मिनिटांनी उठला. डॉक्टर म्हणतात नाकपुड्या फार अरुंद आहेत, टाळूमागचा मऊ पडदा लांब आहे, ऑपरेशन करून घ्या. तपासण्या धरून ६० हजारांच्या आसपास. घरात दोन तट पडलेत. कुणी केलंय का?

पाटणकर काका, बी-६०३: म्हणजे रात्रीचं ते घोरणं बटाट्याचं? मी दीड महिना ओंकारला दोष देतोय.

ओंकार, बी-७०३: काका, माझंही असतं थोडं.

सुधाआजी, बी-७०३: मला हे पटलेलं नाही, ग्रुपवरही सांगते. देवाने दिलेलं नाक कापायचं कशाला? एवढ्याशा जिवाला भूल सोसेल का? ही जात घोरतेच.

राजन, ए-३०४: ६० हजार? लिफ्टची वर्गणी अजून तिघांची यायची आहे, सहज आठवलं.

मृणाल: आमची भरलेली आहे राजनदादा. पावती क्रमांक पाठवू?

नीलेश, ए-२०१: आजी, राग मानू नका, पण हे नाक देवाने दिलेलं नाही. चपटं तोंड गोंडस दिसतं म्हणून माणसाने पिढ्यान्‌पिढ्या निवडून तसं केलं. कवटी आखूड झाली, आतलं मांस तेवढंच राहिलं. ते सगळं घशात कोंबलेलं असतं. २००३ साली हच मोबाइल कंपनीची पगवाली जाहिरात आली आणि ज्याला त्याला पग हवा झाला. आम्हीही त्याच रांगेतले.

आमचा मोती जुन्या मेंबरांना आठवत असेल. तो घोरायचा, आम्ही व्हिडिओ काढून नातेवाइकांना पाठवायचो. जेवताना मध्येच थांबून धापा टाकायचा, पांढरा फेस ओकायचा, बसल्या बसल्या हनुवटी खुर्चीच्या दांडीवर टेकवून झोपायचा. आम्हाला वाटायचं काय नखरे आहेत. श्वास आत घेता यावा म्हणून मान वर ठेवायचा, हे पाचव्या वर्षी कळलं. एवढी वर्षं जोर लावून हवा ओढल्यामुळे स्वरयंत्राची कूर्चाच आत ढासळत आली होती. तेव्हा पडदा कापून घेतला, थोडा फरक पडला, पण ढासळलेलं काही परत उभं राहत नाही. पुढच्या मे महिन्यात घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये गाडीचा एसी बंद पडला. पुढचं लिहीत नाही.

मृणाल, ८ महिने हे चांगलं वय आहे. थांबू नकोस.

सुधाआजी: हनुवटी टेकवून तर आमचाही झोपतो. पाटाच्या कडेवर.

सेक्रेटरी: मध्ये बोलतो, माफ करा. उद्या ११ ते ४ पाणी बंद. टाकी साफ होणार आहे.

डॉ. केतकी, डी-१०४: मी माणसांना भूल देते, कुत्र्यांना नाही. तरी आजींचा प्रश्न रास्त आहे. या कुत्र्यांत भूल देण्यापेक्षा शुद्धीवर येण्याची वेळ जास्त नाजूक. श्वासाची नळी काढली की सुजलेला घसा मिटू शकतो. म्हणून नळी होता होईल तो उशिरा काढतात, पूर्ण जागा होऊन मान उचलेपर्यंत. दुसरं म्हणजे पोटातलं वर येऊन फुप्फुसात जाणं. तो फेस ओकत असेल तर आधी काही दिवस ॲसिडिटीचं औषध देतील. ऑपरेशनआधी छातीचा एक्स-रे काढणार का, हे विचारा. काहींची श्वासनलिकाच जन्मतः बारीक असते, ती कापून मोठी करता येत नाही. आणि मुख्य म्हणजे रात्री तिथे ऑक्सिजन आणि जागा माणूस असतो का? ‘सकाळी येऊन बघतो’ म्हणाले तर दुसरीकडे जा.

पाटणकर काका: परळच्या बैलघोडा हॉस्पिटलात एकदा दाखवा. आमच्या लालबागच्या चाळीतली सगळी जनावरं तिथेच जायची.

मृणाल: दुसरं मत घ्यायचंच आहे. खरंच, करतात काय नेमकं? मला कापाकापी ऐकूनच घाम फुटतो.

नीलेश: नाकपुडीच्या कडेची छोटी पाचर काढून टाके घालतात, भोक रुंद होतं. आत पडद्याचं जादा टोक छाटतात. याने तो अल्सेशियन होणार नाही हं. घोरेल थोडा, उन्हात जपावंच लागेल. आणि गळ्यातला पट्टा आजच काढ, छातीला बांधायचा हार्नेस घे.

(मंगळवार)

मृणाल: दुसऱ्या डॉक्टरांनी बटाट्याला ३ मिनिटं दुडक्या चालीने पळवलं आणि आधी-नंतर स्टेथोस्कोप लावून घसा ऐकला. केंब्रिज विद्यापीठाची पद्धत आहे म्हणे, ० ते ३ श्रेणी, ३ म्हणजे सगळ्यात जास्त त्रास. आमचा २. ऑपरेशन करा म्हणाले, नसबंदीही त्याच भुलीत उरकू. पण वजन ९ किलो ४०० आहे, ८ च्या आत आणा, मगच. मी तर मोजून खाणं देते, मग हे वाढतं कुठून?

वॉचमन केबिन: मॅडम, आम्ही फक्त एक पार्ले बिस्कीट. सकाळी आणि संध्याकाळी.

विमलताई, ए-५०५: माझ्याकडे दुपारी चीजचा तुकडा असतो. दारात येऊन बसतो तो.

पाटणकर काका: मी काही देत नाही. क्वचित इडली.

मृणाल: ......

सुधाआजी: तूप लावलेली पोळी. अर्धीच. बरं, एकदीड. बंद करते उद्यापासून. त्याला श्वास पुरत नाही हे मला कुणी असं सांगितलंच नव्हतं. केतकी, शुद्धीवर येताना मला जवळ बसू देतील का?

डॉ. केतकी: आत नाही सोडणार आजी. पण नंतर भेटू देतील, विचारून ठेवा. तुम्हाला बघून तो उड्या मारणार असेल तर मात्र लांबच थांबा.

(एप्रिलचा दुसरा आठवडा)

मृणाल: ७ किलो ९००! सगळ्यांचे आभार, विशेषतः वॉचमनकाकांचे. गुरुवारी सकाळी ७ ला नेतोय, ऊन चढायच्या आत. रात्रभर तिथेच ठेवणार आहेत. नंतर दोन आठवडे मऊ खाणं, दंगा बंद, भुंकणं शक्य तितकं कमी. तेव्हा कृपया आमची बेल वाजवू नका, फोन करा.

राजन: माझी इनोव्हा घेऊन जा. मागचा एसी चांगला आहे.

(शुक्रवार, स. ६:४०)

पाटणकर काका: काल रात्रभर वरून आवाजच नाही. मला झोप लागली नाही. सगळं ठीक ना?

मृणाल: काका, तो हॉस्पिटलात आहे, आज आणतोय. पहाटे फोन आला होता, चमचाभर खाल्लं म्हणे.

पाटणकर काका: अरे हो, गुरुवार. मग तो आवाज?

ओंकार: काल मीही हॉस्पिटलातच होतो, काका.