प्रति: सायटेशन जास्त म्हणजे ट्रेंड?
ज्या पेपराला सायटेशन (इतर संशोधकांनी दिलेले संदर्भ) जास्त, तोच सध्याचा ट्रेंड, असं वरच्या पोस्टमध्ये म्हटलंय ते रिव्ह्यू (आढावा घेणाऱ्या) पेपरांपुरतं ठीक आहे, पण बायोमासच्या (चिपाड, लाकूड अशा वनस्पतिजन्य मालाच्या) संशोधनात सायटेशनचा मोठा गठ्ठा जातो मोजमापाच्या पद्धती सांगणाऱ्या जुन्या पेपरांना. रिड्यूसिंग शुगर (ग्लुकोजसारख्या साखरा) मोजायचा मिलरचा डीएनएसवाला (डीएनएस म्हणजे साखरेमुळे रंग बदलणारं रसायन) पेपर १९५९चा, सेल्युलोजच्या क्रिस्टलिनिटीवरचा (रेणूंची रचना किती शिस्तीत आहे, यावरचा) सेगलचाही १९५९चाच, आणि तो तर चक्क कापसावरचा, टेक्सटाइल जर्नलमधला!

आम्ही उसाच्या चिपाडावर काम करायचो तेव्हा टेस्टट्यूबमध्ये डीएनएस घालून पाच मिनिटं उकळायचं, पिवळ्याचं विटकरी झालं की ५४० नॅनोमीटरच्या प्रकाशात रंगाच्या गडदपणाचं रीडिंग घ्यायचं आणि खाली ‘मिलर, १९५९’ ठोकून द्यायचं. मूळ पेपर कोणी उघडलाय? संदर्भ सीनियरच्या थिसिसमधून उचललेला, स्पेलिंगच्या चुकीसकट.