घाटात अडकतो आणि गॅरेजमध्ये शहाण्यासारखा वागतो: जुन्या ऑटोमॅटिक गियरबॉक्सचा दोष पकडावा कसा?

कुंभार्लीची वाट (चिपळूण)

नमस्कार. माझ्याकडे २००५ सालची, पेट्रोलवर चालणारी, चार गियरची ऑटोमॅटिक सेडान आहे. गियरबॉक्स जुन्या पद्धतीचा, टॉर्क कन्व्हर्टरचा (इंजिनाची ताकद ऑइलमधून पुढे देणारा) आहे. हल्लीच्या एएमटी किंवा सीव्हीटी प्रकारचा नव्हे. गाडी १,३८,००० किलोमीटर चालली आहे. पत्नीच्या डाव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाल्यापासून तिला क्लच दाबता येत नाही, आणि तपासणीसाठी आम्हाला दर पंधरवड्याला कुंभार्ली घाट चढून कराडला जावे लागते. त्यामुळे ही गाडी विकून टाकण्याचा सल्ला कृपया देऊ नये.

गेल्या चार महिन्यांत पाच वेळा असे झाले, की घाटाची चढण निम्मी सरल्यावर एक जोराचा झटका बसतो, डॅशबोर्डवरची गियरची खूण लुकलुकू लागते आणि त्यानंतर गियर बदलतच नाही. इंजिन चालू ठेवून गाडी थांबवली आणि पुन्हा पुढे काढली तर ती जागची फार जड उठते. सपाटीवर ६० च्या वेगाला एरवी १५५० आरपीएम असतात, ते अशा वेळी २२५० होतात; ८० ला एरवी २०६० असतात, ते ३००० वर जातात. रिव्हर्स मात्र व्यवस्थित पडतो. दहा मिनिटे इंजिन बंद ठेवून पुन्हा चालू केले, की जणू काही घडलेच नव्हते अशी गाडी धावते, आणि चिपळुणात परत आल्यावर कोणालाही काहीच दाखवता येत नाही.

पहिल्या फिटरने बॅटरीची तार काढून पुन्हा जोडली, मग दोषांचे कोड वाचणारा स्कॅनर लावला आणि "कोड काहीच नाही" असे सांगितले. दुसऱ्याने गाडी दोनशे मीटर चालवून पाहिली आणि गियरबॉक्स उतरवून ओव्हरहॉल करावा लागेल, ८५,००० रुपये खर्च येईल, असे सांगितले. एवढी रक्कम उभी करण्यापूर्वी दोष नक्की कोठे आहे हे जाणून घेण्याचा काही मार्ग आहे का? ऑइल बदलून पाहावे का?

जुना फिटर (कोल्हापूर)

आपण आरपीएमचे आकडे लिहून ठेवलेत, हे फार चांगले केलेत, कारण निम्मे निदान त्यांतच आहे. २२५० ला ६० ने भागा, ३७.५ येतात, ३००० ला ८० ने भागा, पुन्हा ३७.५ च येतात. आतल्या क्लच प्लेटा झिजून गियर निसटत असता, तर आरपीएम आणि वेग यांचे नाते असे कायम राहिले नसते; चढणीवर पेडल दाबताच इंजिन नुसते ओरडले असते आणि गाडी पुढे सरकली नसती. आता बिघाडाचे २२५० आणि एरवीचे १५५० यांचे गुणोत्तर काढा. ते सुमारे १.४५ येते. या काळातल्या बऱ्याच चार गियरच्या बॉक्समध्ये तिसऱ्या गियरचे प्रमाण १ आणि चौथ्याचे ०.७ च्या आसपास असते, म्हणजे दोहोंतला फरक साधारण १.४ पट. कन्व्हर्टरचा लॉकअप, म्हणजे इंजिन आणि गियरबॉक्स यांना घट्ट जोडणारी पकड, सुटल्यामुळे थोडे आरपीएम आणखी वाढतात. याचा सरळ अर्थ असा, की आपला गियरबॉक्स तिसऱ्यात घट्ट पकडून बसतो.

हे तो मुद्दाम करतो. गियरबॉक्सच्या कंट्रोल युनिटला एखादा सेन्सर किंवा सोलेनॉइड (ऑइलची वाट उघडून-मिटून गियर बदलणारी विजेची झडप) भरवशाचा वाटला नाही, की ते सोलेनॉइडांचा विद्युतपुरवठा तोडते आणि गाडी घरापर्यंत पोहोचावी म्हणून एकच मधला गियर आणि रिव्हर्स एवढेच शिल्लक ठेवते. इग्निशन बंद करून चालू केले, की युनिट नव्याने सुरुवात करते, आणि दोष त्या क्षणी हजर नसला तर सगळे गियर परत देते. तेव्हा दहा मिनिटांच्या विश्रांतीने गियरबॉक्स निवला म्हणून सुधारला असे नक्की म्हणता येणार नाही. कदाचित नुसती किल्ली फिरवल्याने सुधारला असेल. पुढच्या वेळी सुरक्षित जागी थांबून किल्ली लगेच बंद-चालू करून पाहा. लगेच सुधारला, तर उष्णतेवरचा संशय बराच कमी होईल.

बॅटरीची तार काढण्याबद्दल मला मनापासून वाईट वाटते. युनिटच्या स्मृतीत जो कोड असण्याची शक्यता होती, तो त्या एका कृतीने पुसला गेला. यापुढे स्कॅनर लागेपर्यंत कोणालाही बॅटरीला हात लावू देऊ नका.

दोन ऑटोमॅटिकची मालकीण (पुणे)

ऑइलबद्दल लिहिते, कारण त्यात मी स्वतः पैसे घालवले आहेत. आधी फक्त तपासा. वीसएक किलोमीटर गाडी चालवून, सपाट जागी, प्रत्येक गियरमधून लिव्हर एकदा फिरवून मग ऑइल मोजायची दांडी पाहायची. मात्र इंजिन चालू ठेवून पाहायचे की बंद करून, आणि लिव्हर पी (पार्किंग) वर हवा की एन (न्यूट्रल) वर, हे प्रत्येक कंपनीचे वेगळे असते, तेव्हा पुस्तिका उघडा. पांढऱ्या कागदी रुमालावर थेंब पुसून घ्या. लालसर असेल तर उत्तम; तपकिरी असून करपल्याचा वास येत असेल तर प्लेटा तापल्या आहेत; आणि गुलाबी दुधासारखे दिसले तर रेडिएटरमधले कूलंट आत शिरले आहे, अशा वेळी गाडी जागची हलवू नका.

बदलायचे ठरलेच, तर पुस्तिकेत लिहिलेल्या प्रतीचेच ऑइल घ्या आणि मशीनने जोराने धुऊन काढण्याऐवजी तळाचा बोल्ट काढून जेवढे निघेल तेवढेच बदला. कन्व्हर्टर आणि कूलरमध्ये बरेचसे जुने ऑइल अडकून राहते, म्हणून काही शे किलोमीटरांनी हीच कृती पुन्हा करावी लागते. परंतु जुना फिटर यांनी मांडलेला हिशोब बरोबर असेल, तर आपला मूळ दोष ऑइलने जाणार नाही.

वायरिंगवाला (नाशिक)

फिटरसाहेबांशी मी सहमत आहे, फक्त एक भर घालतो. दोष चढणीवरच का येतो, हा प्रश्न स्वतःला विचारा. चढणीवर ऑइल तापते हे खरे, परंतु त्याच वेळी इंजिन पूर्ण ताकद लावत असते आणि आपल्या रबरी माउंटिंगवर एका बाजूला झुकते. वीस वर्षे जुन्या गाडीत माउंटिंग दबून खचलेली असतात, झुकाव वाढतो, आणि गियरबॉक्सकडे जाणारा हार्नेस (तारांचा जुडगा) त्या झुकावाबरोबर ताणला जातो. आत एखादी तार तुटायला आली असेल, तर ती नेमकी तेव्हाच सुटते. कोकणात याला पावसाळा आणि उंदीर यांचीही जोड असते.

पहिले काम म्हणजे बरोबर स्कॅनर. फोनला जोडायचा स्वस्त अडॅप्टर बहुधा इंजिनाचेच कोड वाचतो. भारतात पेट्रोल गाड्यांना ओबीडी (गाडीने स्वतः दोष ओळखून कोड साठवण्याची ठरावीक पद्धत) टप्प्याटप्प्याने २०१० पासून सक्तीचे झाले. आपली गाडी त्याआधीची आहे, त्यामुळे तिचे गियरबॉक्स युनिट वेगळे वाचणारा, अनेक कंपन्यांचा स्कॅनर ज्याच्याकडे आहे असा ऑटो इलेक्ट्रिशियन गाठा. पी ०७०० एवढाच कोड आला तर त्याचा अर्थ "गियरबॉक्स युनिटकडे काहीतरी सांगण्यासारखे आहे" एवढाच होतो. पी ०७१५ किंवा पी ०७२० आला तर स्पीड सेन्सर, पी ०७५० पासून पुढे शिफ्ट सोलेनॉइड, आणि पी ०७३१ ते पी ०७३४ आले तरच गियरचे प्रमाण जुळत नाही, म्हणजे खरोखर आत घसरण आहे. ८५,००० चा निर्णय या शेवटच्या गटाचे कोड दिसल्याशिवाय घेऊ नये असे मी आग्रहाने सांगेन.

दुसरे, अर्थिंग. हेडलाइट, एसी आणि पंखा चालू ठेवून बॅटरीचे निगेटिव्ह टोक आणि गियरबॉक्सची बॉडी यांच्यामध्ये व्होल्ट मोजा, ०.२ व्होल्टपेक्षा जास्त आले तर अर्थची पट्टी आधी बदला.

तिसरे, सोलेनॉइडचा रोध, तोही थेट सोलेनॉइडवर मोजू नका. कंट्रोल युनिटचा कपलर (तारांची जोडणी) काढून त्या टोकाकडून मोजा, म्हणजे मधली सगळी तार आपोआप तपासली जाते. काही गियरबॉक्समध्ये हा आकडा ३ ओहमच्या आसपास असतो, काहींत ११ ते १५. जिथे ३ आहे तिथे मीटरच्या दोन्ही पिना एकमेकींना टेकवून येणारे ०.२ किंवा ०.३ आधी वजा करा, नाहीतर चांगला सोलेनॉइड खराब ठरेल. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्क्याने वाढतो, त्यामुळे थंडीत ३ दाखवणारा सोलेनॉइड ९० अंशांना ३.८ दाखवणारच, त्याला दोष समजू नका. मीटर लावलेला असतानाच सहकाऱ्याला हार्नेस वीतभर वीतभर अंतरावर हळूच हलवायला सांगा आणि नजर आकड्यावरून काढू नका.

कुंभार्लीची वाट (चिपळूण)

तीन आठवड्यांनी लिहीत आहे, त्याबद्दल क्षमस्व. दोष पुन्हा येण्याची वाट पाहावी लागली. मागच्या शनिवारी घाटात तो आला. वळणापलीकडच्या रुंद जागी गाडी थांबवली, किल्ली बंद करून लगेच चालू केली आणि सगळे गियर त्याच क्षणी परत आले. म्हणजे उष्णतेवरचा संशय तिथेच मागे पडला. बॅटरीला कोणाला हात लावू दिला नाही. सोमवारी कराडमधल्या एका इलेक्ट्रिशियनने स्कॅनरने गियरबॉक्स युनिट वाचले, तेव्हा त्यात एकच कोड साठलेला होता: पी ०७५०.

मग सांगितल्याप्रमाणे युनिटच्या टोकाकडून मोजले. पिनांचे ०.२ वजा करून ३.१ ओहम आले. त्यांच्या मदतनीसाने बॅटरीच्या ट्रेखालून जाणारा हार्नेस नुसता वर उचलला आणि मीटरवरचा आकडा नाहीसा झाला. खाली सोडला, पुन्हा ३.१. बॅटरी आणि ट्रे काढून टेप सोलली तेव्हा त्या तारेचे प्लास्टिक बाहेरून धड दिसत होते, पण बोटांनी दाबल्यावर एका जागी मऊ लागत होते. तिथे चिरल्यावर आत हिरवी पूड होती आणि तांब्याचा एक केसाएवढा धागा कसाबसा दोन्ही टोके धरून होता. बॅटरीचे ॲसिड ट्रेच्या भोकातून वर्षानुवर्षे त्याच जागी टपकत असावे, असे त्यांचे म्हणणे पडले.

चांगली तार लागेपर्यंत मागे कापून नवा तुकडा झाळून जोडला आणि हार्नेस थोडा ढिला ठेवून ट्रेपासून दूर बांधला. ऑइल तपकिरी झाले होते, मात्र करपल्याचा वास नव्हता. तेही एकदा बदलले. सगळे मिळून ४,२०० रुपये झाले. त्यानंतर दोनदा घाट चढलो, दोष आला नाही. दोन फेऱ्या पुरेशा नाहीत याची मला जाणीव आहे, म्हणून आरपीएमची वही गाडीतच ठेवली आहे. आपल्या सर्वांचे मनापासून आभार.

वायरिंगवाला (नाशिक)

फार आनंद झाला. दोन गोष्टी राहिल्या. ट्रे आणि त्याखालचा पत्रा खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने फेस येणे थांबेपर्यंत धुवा, कोरडा करा आणि रंग लावा. मात्र ते पाणी बॅटरीच्या झाकणांतून आत जाऊ देऊ नका. आणि ॲसिड वर आलेच का, हे पाहण्यासाठी इंजिन चालू असताना बॅटरीवर व्होल्ट मोजा. १४.८ च्या वर जात असतील, तर अल्टरनेटरचा रेग्युलेटर जास्त चार्ज करत असण्याची शक्यता आहे, आणि तो दुरुस्त झाला नाही तर नवी तारही काही वर्षांत तशीच हिरवी होईल.