पगार कापून चुका थांबत नाहीत
चूक लपवणाऱ्याचा पगार कापा, म्हणजे शिस्त येईल, असं काही जण म्हणतात. मला नाही पटत. नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीत एका कारखान्यात मी शिफ्ट सुपरवायझर होतो. पगारकपात सुरू झाली आणि लॉगबुकातल्या बिघाडांच्या नोंदीच आटल्या. बेअरिंग दोन दिवस किरकिरत होतं, कोणी बोललं नाही. शेवटी मे महिन्यात भर दुपारी मशीन बसलं. नंतर आलेले साहेब शिफ्ट बदलताना स्वतः लाइनवर यायचे. 'कोणी केलं?' नाही, 'काय झालं?' विचारायचे. टोयोटाच्या कारखान्यात काही बिघडलं की कामगार लाइनवरची इशाऱ्याची दोरी ओढतो, तेव्हा टीम लीडर आधी मदतीला येतो, तसंच. पहिल्याच आठवड्यात साहेबांनी स्वतःची चुकलेली ऑर्डर सगळ्यांदेखत सांगितली. महिन्याभरात हेल्पर पोरंही "भाऊ, आवाज वेगळा येतोय" म्हणून हाक मारायला लागली.