मदत हवी आहे: 1776-1976 चा हाफ डॉलर चांदीचा की साधा?

काकांच्या अमेरिकेतल्या डब्यातून केनेडी हाफ डॉलर निघाले आहेत. 1964 च्या नाण्याचं सोपं आहे: 12.5 ग्रॅम, 90 टक्के चांदी, म्हणजे 11.25 ग्रॅम शुद्ध. 1967 चं 40 टक्क्यांचं, 11.5 ग्रॅम. अडलंय ते 1776-1976 असं जोडसाल असलेल्या नाण्यावर. त्यावर ‘एस’ अक्षर आहे, म्हणजे ते सॅन फ्रान्सिस्कोच्या टांकसाळीतलं, पण तिथे 40 टक्के चांदीचीही पाडली गेली आणि तांबे-निकेलचीही! साधं 11.34 ग्रॅमचं, चांदीचं 11.5. माझा किचनमधला काटा एवढा फरक दाखवतच नाही. कडेला तांबूस रेघ पुसटशी दिसते, तेवढ्यावरून ठरवावं का? सराफ कानस मारून बघू म्हणतो, ते मला नकोय. नाणं न खरवडता खात्रीने कसं ओळखता येईल?