माथेरान: पॉइंट, घोडे आणि चिक्की सोडून काय बघावं?

नौपाडेकरीण:

नमस्कार मंडळी. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात दोन रात्री माथेरानला चाललोय. सोबत आई आणि सहावीतला मुलगा. आईचे गुडघे दुखतात, पण सपाट रस्ता असेल तर ती तास-दीड तास बिनतक्रार चालते. घोड्यावर मात्र बसणार नाही, तिला भीती वाटते.

मी ठाण्यातच वाढले, त्यामुळे माथेरान म्हणजे शाळेची सहल, इको पॉइंटवरचा आरडाओरडा आणि घोड्यावरचा फोटो एवढंच डोक्यात आहे. या वेळी ते नको. मुलाचा शाळेत स्थानिक इतिहासाचा प्रकल्प चालू आहे. १८५० साली ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी माथेरान शोधून काढलं, हे त्याने कुठेतरी वाचलं आणि तेव्हापासून तो ‘आपल्या कलेक्टरांचा डोंगर’ असंच म्हणतोय. त्याला दाखवता येतील अशा आडबाजूच्या, थोड्या वेगळ्या जागा सांगा. गर्दी नसलेल्या, आणि जिथे दहा मिनिटं थांबलं तर काहीतरी कळेल अशा. खोली बाजारपेठेजवळ घेतली आहे.

ऐरोलीकर:

नेरळहून गाडीने दस्तुरीपर्यंत (मोटारी तिथवरच जातात) जाणार असाल तरी नेरळ स्टेशनात अर्धा तास काढाच. ठाण्याहून कर्जत लोकल पकडा आणि नेरळला उतरा, लेकाला माथेरानच्या छोट्या गाडीचे रूळ दाखवा. दोन रुळांमधलं अंतर फक्त दोन फूट. एवढ्याशा रुळावरून गाडी वीसास एक, म्हणजे वीस फुटांत एक फूट, असा चढ चढते. मुंबईचे उद्योजक सर आदमजी पीरभॉय यांनी पैसा घातला, त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी काम उभं केलं. १९०१ ते १९०७ अशी सहा वर्षं लागली आणि खर्च आला १६ लाख रुपये, त्या काळातले.

वाटेत जुम्मापट्टी आणि वॉटर पाईप ही दोन स्टेशनं लागतात. तिथे बघायला म्हणून काही नाही, पण मला स्वतःला वरच्या सगळ्या पॉइंटपेक्षा ती जास्त आवडतात. डोंगराच्या कुशीत फलाट, आजूबाजूला फक्त झाडी. पूर्ण गाडीचं तिकीट नाही मिळालं तर दस्तुरीजवळच्या अमन लॉज स्टेशनापासून माथेरानपर्यंत शटलने जा, आईंना तेच बरं पडेल.

जलमापक_बेलापूर:

नौपाडेकरीणताई, तुमच्या मुलाचा प्रश्न वाचून राहवलं नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माझी सगळी नोकरी पाणीपुरवठ्यात गेली. एप्रिल-मे उजाडला की सकाळचा पहिला फोन धरणाच्या पातळीचा असायचा, तो आकडा ऐकल्याशिवाय चहा गोड लागत नसे. त्यामुळे मी माथेरानला जातो तो पाणी बघायला. माझ्या मते ठाणे, नवी मुंबई आणि पनवेलच्या माणसाने हा डोंगर एकदा तरी तसा बघावा, कारण आपण त्याच्या तीन बाजूंनी पाणी पितो.

पहिली जागा वन ट्री हिल. दक्षिणेच्या टोकाला मुख्य डोंगरापासून सुटलेला एक सुळका आहे, त्याच्या माथ्यावर जांभळाचं झाड. लोक त्या झाडाचा फोटो काढतात आणि वळतात. तुम्ही कठड्याशी उभं राहून खाली बघा. समोर पसरलेलं पाणी म्हणजे मोरबे धरण. धावरी नदीवरचं हे धरण नवी मुंबई महापालिकेच्या स्वतःच्या मालकीचं आहे, आणि पाण्याची पातळी ८८ मीटरला पोचली की ते पूर्ण भरतं. बेलापूर, नेरूळ, वाशीच्या नळाला येणारं पाणी ते हेच. मी माझ्या नातीला तिथे उभं केलं आणि म्हटलं, तुझी सकाळची आंघोळ ती बघ तिकडे. ती बराच वेळ काही बोललीच नाही.

तुमच्या मॅलेटसाहेबांची वाटही तिथलीच. त्यांचा मुक्काम खाली चौक गावात होता आणि वन ट्री हिलच्या बाजूने ते वर आले. तेव्हा कर्जत, पनवेल हा सगळा मुलूख ठाणे जिल्ह्यातच होता, म्हणून ठाण्याचा कलेक्टर इथे फिरत होता. मात्र मुलाला एवढं जरूर सांगा, की साहेब चढले त्या वाटा आधीपासून पायाखालच्या होत्या. ठाकर, कातकरी, धनगर या डोंगरात राहत होते. ‘शोधून काढलं’ असं लिहिताना प्रकल्पात त्यांचाही उल्लेख हवा, नाहीतर तो इतिहास अर्धाच. त्याच टोकाजवळून दरीत उतरणाऱ्या वाटेला शिवाजीची शिडी म्हणतात. वरून बघा, उतरू नका.

दुसरी जागा सनसेट पॉइंट, पण संध्याकाळी नव्हे, सकाळी. संध्याकाळी तिथे जत्रा असते. सकाळी गेलात तर समोर प्रबळगड, त्याला चिकटलेला कलावंतीणचा सुळका, आणि हवा स्वच्छ असेल तर खाली देहरंग धरणाचं पाणी दिसतं. ते पनवेलचं. गाढी नदी याच डोंगरातून निघते आणि पनवेलच्या खाडीला मिळते.

आणि इथे दहा मिनिटं नाही, अर्धा तास थांबा. पायथ्याच्या धोदाणी गावातून एक वाट थेट इथे वर येते. माथेरानात मोटारी नाहीत, त्यामुळे त्या बाजूच्या वाड्यांमधली माणसं भाजी, दूध घेऊन याच वाटेने चढतात. मागच्या हिवाळ्यात एक मावशी वर आल्या आणि पाटी उतरवायला त्यांनी मलाच हाक मारली. दोन हातांनी धरली तरी माझे खांदे खाली गेले. पाटीत वालाच्या शेंगा, वांगी आणि मुळ्याच्या जुड्या. डोक्यावरची चुंबळ जुन्या हिरव्या लुगड्याची, घामाने भिजून घट्ट झालेली. त्यांनी ती सोडली, झटकली, पुन्हा पिळा घालून डोक्यावर बसवली, पाटी चढवून घेतली आणि बाजाराच्या दिशेने चालू पडल्या. बसल्या नाहीत. आपल्या हॉटेलच्या ताटातली भाजी कशी वर येते, ते मुलांनी बघायला हवं असं मला मनापासून वाटतं.

तिसरी बाजू तुमची, ठाण्याची. अलेक्झांडर पॉइंट बाजारापासून फार लांब नाही, रस्ता सावलीचा आहे, आई सहज येतील. तिथून गारबेटचं पठार आणि खाली उल्हास नदीचं खोरं दिसतं. ठाण्याला भातसा नदीबरोबर उल्हासचंही पाणी मिळतं, ते शहाडजवळ उचलतात. गंमत अशी, की माथेरानलाही उल्हासचंच पाणी लागतं. नेरळजवळ उपसून टप्प्याटप्प्याने पंप करून ते एवढ्या उंचीवर चढवतात. पावसात ज्या डोंगरावरून पाणी वाहून खाली गेलं, त्यालाच ते विकत घेऊन वर चढवावं लागतं.

मग वरचं पाणी राहत का नाही? मुलाला पायाखालची लाल माती हातात घ्यायला सांगा. वर जांभ्याचा थर आहे, खाली काळा कातळ. जांभा सच्छिद्र, पाणी आत शोषून घेतो. ते कातळापर्यंत जातं आणि कड्याच्या बाजूने झऱ्यांमधून बाहेर पडतं. म्हणून साठवणीसाठी शार्लोट तलाव बांधावा लागला. तलावावर गेलात तर बांधावर चालत जा, आणि काठावरच्या पिसरनाथाचं दर्शन घ्या. ते माथेरानचं ग्रामदैवत.

नौपाडेकरीण:

काका, हे वाचून मुलाने प्रकल्पाचं नाव बदललं, आता ‘डोंगर आणि तीन नळ’. वन ट्री हिलला आईला घेऊन जाता येईल का? ई-रिक्षा तिथवर जाते का? आणि आईसाठी आणखी एखादी जवळची जागा असेल तर सांगा.

कोपरीची_सुगंधा:

जवळची जागा मी सांगते. हुतात्मा भाई कोतवाल यांचं स्मारक. बहुतेक पर्यटक त्याच्यासमोरून चपला बघत निघून जातात आणि मला दर वेळी वाईट वाटतं.

विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, जन्म १ डिसेंबर १९१२, माथेरानचाच. नाभिक समाजातल्या गरीब घरातला मुलगा वकील झाला, माथेरान नगरपालिकेचा उपाध्यक्ष झाला. शेतकऱ्यांना सावकाराकडे जावं लागू नये म्हणून धान्यकोठ्या काढल्या, आदिवासी मुलांसाठी शाळा चालवल्या. १९४२ला भूमिगत होऊन आझाद दस्ता उभा केला आणि मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडले. २ जानेवारी १९४३ला सिद्धगडावर पोलिसांच्या गोळीबारात ते आणि त्यांचे सहकारी हिराजी पाटील हुतात्मा झाले. सिद्धगड मुरबाड तालुक्यात, म्हणजे आजच्या ठाणे जिल्ह्यात. ठाण्याचा कलेक्टर माथेरानला आला ही गोष्ट प्रकल्पात आहे, तर माथेरानचा माणूस आपल्या जिल्ह्यात देशासाठी गेला हीही असू द्या. तुम्ही जाताय तोच त्यांच्या जन्मदिवसाचा आठवडा आहे, शक्य असेल तर एक फूल न्या.

दुसरं, मुलगा सकाळी लवकर उठत असेल तर बंगल्यांच्या बाजूच्या रस्त्यांवर मान वर करून चालायला सांगा. शेकरू दिसतं. मोठी, तांबूस, झुपकेदार शेपटीची खार, आपला राज्यप्राणी. आधी पानं हलतात, मग ती दिसते. माकडं मात्र हातातली पिशवी ओढतात, खाऊ बॅगेतच ठेवा.

ऐरोलीकर:

सुगंधाताई, छान आठवण केलीत. रिक्षाचं: ई-रिक्षा दस्तुरीपासून गावात येतात, तेवढ्यावर भरवसा ठेवा. माणसाने ओढायच्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२५च्या ऑगस्टमध्ये सांगितलं. फार आधी व्हायला हवं होतं ते.

आणि मुलाला थोडं चालायला आवडत असेल तर दस्तुरीहून नेरळच्या दिशेला रुळांच्या बाजूने कड्यावरचा गणपती आहे. गाडी चालवणाऱ्या मोटरमनला त्या खडकात गणपतीचा आकार दिसला आणि पुढे तिथे मूर्ती झाली असं सांगतात. तिथून खाली पेबच्या किल्ल्याकडे वाट जाते, त्यात लोखंडी शिड्या आहेत. आईंना तिकडे नेऊ नका.

जलमापक_बेलापूर:

ताई, वन ट्री हिल आईंसाठी लांब आहे, जाऊन-येऊन तास-दीड तासात होत नाही. असं करा: पहिल्या दुपारी सगळे मिळून अलेक्झांडर पॉइंट आणि स्मारक. दुसऱ्या दिवशी सकाळी आईंना शार्लोटच्या काठावर पिसरनाथाच्या देवळात बसवा आणि तुम्ही दोघं पुढे वन ट्री हिलला जाऊन या. सनसेट पॉइंट शेवटच्या दिवशी, उजाडल्यावर लगेच. भाजीवाल्या लवकर चढतात, उशीर केलात तर त्या बाजारात पोचलेल्या असतील.

शार्लोटचं पाणी पिण्यासाठी आहे. त्यात कुणी हातपाय धुताना दिसलं तर तुमच्या मुलालाच सांगू द्या, लहान मुलाचं लोक ऐकतात. आणि भाजीवाल्या मावशींकडून वालाच्या शेंगा घ्या. नौपाड्यात त्या मिळतील, पण इतक्या ताज्या नाही.