ट्रिपेल ९.६ ब्रिक्सवर अडकलीय, वास थिनरसारखा येतोय, बाटल्या भरू का?

फेसाळ_घागर
नमस्कार मंडळी, घरी बिअर करते, माल्ट एक्स्ट्रॅक्टवरची (तयार माल्टच्या अर्कावरची) ही माझी पाचवी बॅच पण बेल्जियन पहिलीच, त्यामुळे कुठे येडेपणा केला असेल तर बिनधास्त सांगा. २० लिटर ट्रिपेल (सोनेरी, कडक बेल्जियन बिअर) आहे. लाइट डीएमई (एक्स्ट्रॅक्टची पावडर) ३.२ किलो, साधी साखर ९०० ग्रॅम, ओजी (सुरुवातीची ग्रॅव्हिटी, पाण्याच्या तुलनेत घनता) १.०७६ म्हणजे रिफ्रॅक्टोमीटरवर १८.४ ब्रिक्स (साखरेचं माप). यीस्ट लिक्विड, वायईस्टचं ३७८७, एकच पाकीट, स्टार्टर (यीस्ट आधी थोड्या वर्टमध्ये वाढवून घेणं) केला नाही कारण पाकीट मस्त टम्म फुगलं होतं, म्हटलं जिवंत आहे ना मग झालं. भांडं लहान असल्यामुळे सगळं एक्स्ट्रॅक्ट ८ लिटर पाण्यातच घालून तासभर उकळलं आणि फर्मेंटरमध्ये वरून पाणी भरून २० केलं.

१९ डिग्रीला यीस्ट टाकलं. दुसऱ्या दिवशी फेस एअरलॉकमधून (गॅस बाहेर सोडणाऱ्या झाकणावरच्या नळीतून) बाहेर, चौथ्या दिवशी बघते तर २६ डिग्री आणि झाकणाजवळ नाक नेलं की केळं, आणि केळ्याच्या मागे चक्क थिनर! घाबरले, फर्मेंटर पाण्याच्या टबात ठेवला, बर्फाच्या बाटल्या सोडल्या, रात्रीपर्यंत १८ वर आणलं. नंतर फेस बसला, बुडबुडे बंद. आज सोळावा दिवस आहे आणि आठव्या दिवसापासून रिफ्रॅक्टोमीटर ९.६ वरून हलायला तयार नाही. ब्रिक्सचं ग्रॅव्हिटीत केलं तर १.०३८ येतं, म्हणजे अर्ध्यातच थांबली ना? रंगही सोनेरी नाही, तांब्यासारखा आलाय.

आठ दिवस आकडा हलला नाही म्हणजे संपलं असं धरून १७५ ग्रॅम साखर घालून बाटल्या भरू, का ओतून देऊ?

उतावळा_बुडबुडा
ओतू नका हो! माझी एक बॅच अशीच १.०३० ला बसली होती. शॅम्पेन यीस्टचं पाकीट टाका, ते जास्त अल्कोहोलमध्ये पण चालतं, चार दिवसात खाली येईल. नाहीतर सेझनचं (तीही एक बेल्जियन बिअर) कोरडं यीस्ट टाका, ते काहीही खातं.

गाळातला_माणूस
थांबा थांबा, काहीही टाकू नका अजून. ताई, आधी रिफ्रॅक्टोमीटर बाजूला ठेवा आणि हायड्रोमीटर (तरंगून ग्रॅव्हिटी दाखवतो तो) काढा. रिफ्रॅक्टोमीटर प्रकाश किती वाकतो ते मोजतो, वर्टमध्ये (न आंबलेल्या बिअरमध्ये) फक्त साखर असते तोवर हिशोब बरोबर, पण एकदा अल्कोहोल तयार झालं की तेही प्रकाश वाकवतं आणि आकडा फुगवून दाखवतं. ग्रॅव्हिटी मात्र अल्कोहोलमुळे खाली जाते. त्यामुळे फर्मेंटेशन सुरू झाल्यावर ब्रिक्सचं सरळ ग्रॅव्हिटीत रूपांतर करायचंच नसतं, सुरुवातीचा आणि आताचा असे दोन्ही आकडे धरून करेक्शन करावं लागतं. तुमचे १८.४ आणि ९.६ घालून मला साधारण १.०१७ आलं. १.०३८ नाही. हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा मीही एक पूर्ण संध्याकाळ उगाच रडत बसलो होतो.

पण म्हणून बाटल्या भरा असं मी म्हणत नाहीये, उलट आता तर अजिबात भरू नका! तुमच्या १.०७६ मधले (म्हणजे ७६ पॉइंटांतले) १७ पॉइंट नुसत्या साखरेचे आहेत, ते पूर्ण संपतात, वर त्यांचं अल्कोहोल ग्रॅव्हिटी अजून दोन-तीन पॉइंट खाली ओढतं. उरलेल्या डीएमईचे साधारण पाऊण संपले तरी बिअर १.०१२ च्या आसपास यायला हवी. म्हणजे ५ पॉइंट अजून शिल्लक आहेत. बंद बाटलीत दर २ पॉइंटला साधारण १ व्हॉल्यूम (बिअरच्या आकारमानाइतका) सीओटू होतो असा ढोबळ हिशोब धरा. तुमची बाटलीत गॅससाठीची १७५ ग्रॅम साखर धरून ३ व्हॉल्यूम होतात, त्यावर हे अडीच, झाले साडेपाच. साध्या बिअरच्या बाटलीत साडेपाच म्हणजे बाटली नाही, सुतळी बाँब.

बाकी तुमची चूक गरम होऊ दिल्याची नाही, गार केल्याची आहे. चौथ्या दिवशी मोठी धावपळ संपत आलेली असते, शेवटचे अवघड तुकडे, माल्टोट्रायोज (माल्टमधली एक पचायला अवघड साखर) वगैरे, खायला यीस्टला तेव्हाच ऊब लागते, आणि तुम्ही नेमकं तेव्हाच त्याला बर्फात बसवलंत. त्याने पाहिलं थंडी आली, गोधडी ओढून तळाशी झोपलं.

शॅम्पेन यीस्टबद्दल, वरच्या भावाला राग नको, पण ते माल्टोट्रायोज खात नाही, इथे तेच उरलं असणार, त्यामुळे टाकून काडीचा फरक पडणार नाही. आणि सेझनची बरीच कोरडी यीस्टं डायस्टॅटिकस जातीची असतात, बेल सेझन त्यातलंच. ती डेक्स्ट्रिन (इतर यीस्टला न पचणारे लांब तुकडे) पण फोडतात आणि हळूहळू महिनोन् महिने खातच राहतात. बाटलीत ते नको.

उतावळा_बुडबुडा
राग नाही दादा, पण मग माझी बॅच खाली आली ती कशाने?

गाळातला_माणूस
पाकीट टाकताना फर्मेंटर हलवला असशील, नाहीतर खोली गरम झाली असेल. शंभरातले नव्वद वेळा तेच असतं.

फेसाळ_घागर
हायड्रोमीटरवर १.०१८! नमुना ग्लासात ओतून ओतून गॅस काढला आणि २० डिग्रीला आल्यावरच मोजला. जीव भांड्यात पडला. चव घेतली, थोडी गोड आहे पण वाईट नाही. आता ऊब द्यायची तर किती? २६ ला थिनर आला म्हणून तर एवढा घोळ घातला.

मठातली_मांजर
थिनर २६ मुळे आला म्हणण्यापेक्षा यीस्ट कमी पडलं म्हणून आला असं मला वाटतं. एका पाकिटात साधारण १०० अब्ज पेशी, आणि १.०७६ च्या २० लिटरला त्याच्या पावणेतीन पट लागतात. पाकीट फुगलं म्हणजे जिवंत आहे एवढंच कळतं, पुरेसं आहे का ते कळत नाही. थोड्या पेशींना एवढं वाढायला लावलं, वर सगळी साखर पहिल्याच दिवशी दिली, तापमान एकदम चढलं, की इथाइल अ‍ॅसिटेट जास्त होतं, तोच तुमचा थिनर. पुढच्या वेळी स्टार्टर करा आणि साखर तिसऱ्या दिवशी थोड्या पाण्यात उकळून घाला.

तापमानाचं म्हणाल तर गंमत अशी की वेस्टमॅल आणि वेस्टव्हलेटरेन हे बिअर करणारे दोन्ही बेल्जियन मठ एकच यीस्ट वापरतात, वेस्टव्हलेटरेनवाले ते वेस्टमॅलकडूनच आणतात. वेस्टमॅल १८ ला सुरू करून २० च्या वर जाऊ देत नाही आणि वेस्टव्हलेटरेन २८ पर्यंत खुशाल चढू देतं. दोन्ही बिअरसाठी लोक जीव टाकतात. म्हणजे आकडा एकटा काही सांगत नाही. तुमचं सुरुवातीचं जोरदार फर्मेंटेशन झालेलं आहे, एस्टर (केळं, थिनर असले वास) जे व्हायचे ते तेव्हाच होऊन गेले, आता २४-२५ ला नेलंत तर नवीन थिनर होणार नाही. दोन दिवसात हळूहळू चढवा. झाकण न उघडता फर्मेंटर गोल गोल हलवा म्हणजे गाळ वर येईल, पण घुसळू नका, आता आत हवा गेली तर ओल्या पुठ्ठ्याची चव येते.

आणि नक्की कुठे थांबणार हे बघायचं असेल तर २०० मिली बिअर सॅनिटाइझ केलेल्या बाटलीत काढा, त्यात चमचाभर कोरडं एल यीस्ट, वर नुसता फॉइल, २७ ला ठेवून येता जाता हलवत राहा. तीन दिवसांनी हायड्रोमीटर जे दाखवेल तो तुमचा तळ. नमुना पिऊन टाका किंवा फेका, परत फर्मेंटरमध्ये ओतू नका.

रंगाचं सोपं आहे. ८ लिटरमध्ये ३ किलो एक्स्ट्रॅक्ट तासभर उकळलं की ते करपल्यासारखं गडद होणारच. पुढच्या वेळी पाव भाग सुरुवातीला हॉप्सबरोबर आणि बाकीचं शेवटच्या दहा मिनिटांत. या बॅचचं काही होणार नाही, डोळे मिटून प्या.

फेसाळ_घागर
अपडेट द्यायला आले. छोट्या बाटलीतला नमुना १.०१२ वर थांबला. फर्मेंटर २४ वर नेला, सकाळ-संध्याकाळ हलवला, दुसऱ्या दिवशी एअरलॉक परत बोलायला लागला (घरच्यांना वाटलं मांजर शिरलं). ऊब दिल्यापासून नवव्या दिवशी १.०१३, आज चार दिवसांनी १.०१२ आणि तिथेच. थिनर आता हुंगून हुंगून शोधावा लागतो, केळं आहे अजून, लवंगही आलीय थोडी. १७५ ग्रॅमच ठेवू का साखर?

गाळातला_माणूस
अजून तीन दिवस थांबा, तोच आकडा आला तर भरा. १७५ चालेल, ३ व्हॉल्यूमच्या आसपास जाईल, पण बाटल्या शॅम्पेनसारख्या जाड काचेच्या घ्या, नेहमीच्या पातळ नकोत. साखर उकळून गार करून आधी बादलीत ओता आणि बिअर नळीने त्यावर सोडा, म्हणजे सगळीकडे सारखी मिसळते. पहिली बाटली दोन आठवड्यांनी उघडा, बाकीच्या दोन महिने तरी कुठेतरी लपवून ठेवा. थिनर पूर्ण जाईल असं वचन देत नाही, पण केळं बरंच मवाळ होतं.

उतावळा_बुडबुडा
दोन महिने!! मी तर दुसऱ्या आठवड्यातच संपवतो सगळ्या.